घरीच शिकवायचंय, तेही हातानं करून, मग करिक्युलम कुठला घ्यायचा?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय परत परत आलाय. मूल तीन ते आठच्या मधलं, काही वर्षं तरी घरीच शिकवायचं ठरलंय, वर्कशीटचा ढीग नकोय, मुलानं हातानं करून शिकावं असं मनापासून वाटतंय, पण नेमकं काय घ्यायचं तेच कळत नाहीये. म्हणून सगळी जागा याच प्रश्नांना देतेय. पत्रं थोडी कापलीत, नावं काढून टाकलीत.

ताई, नमस्कार. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा तीनचा. पहिली दोन-तीन वर्षं घरीच शिकवायचं आम्ही ठरवलंय. चार करिक्युलम निवडून ठेवलेत, एक माँटेसरीचा, एक सगळं सामान बॉक्समध्ये येणारा, एक निसर्ग आणि गोष्टींवर भर देणारा, आणि एक दर महिन्याला एक थीम घेऊन चालणारा. चौघेही स्वतःला हँड्स-ऑन म्हणवतात. रिव्ह्यू वाचून अजूनच गोंधळलेय. कुठला घेऊ?

आधी रिव्ह्यू वाचणं बंद करा. ते लिहिणाऱ्याचं मूल वेगळं, घर वेगळं, आणि बरेचसे रिव्ह्यू बॉक्स उघडल्या उघडल्या लिहिलेले असतात, वापरून झाल्यावर नाही. त्यापेक्षा चारही ठिकाणांहून एका आठवड्याचे नमुना-पाठ मागवा, बहुतेकजण देतात, आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक पाठात मूल स्वतः जे काही करतंय त्या क्रियापदाखाली रेघ मारा. चिकटवतंय, रंगवतंय, कापतंय, बघतंय एवढंच निघालं तर तो क्राफ्टचा करिक्युलम आहे. क्राफ्ट वाईट नाही हो, बोटांना वळण लागतं, पण त्यातून गणित किंवा वाचन येईल अशी आशा धरू नका. जोडून बघतंय, मोजतंय, वाटून देतंय, अंदाज सांगतंय, चुकलं तर परत लावतंय, क्रम ठरवतंय अशी क्रियापदं निघाली तर तिथे हातासोबत डोकंही चालतंय.

एक उदाहरण देते म्हणजे फरक लख्ख दिसेल. विषय ७ हा आकडा. एका पाठात आईनं जाड कागदाचा मोठा सात कापायचा, त्यावर मुलीनं कापसाचे सात गोळे चिकटवायचे, फोटो काढायचा, झालं. पाऊण तास गेला, त्यातला अर्धा तास आईचाच हात चालला, आणि मुलगी सातबद्दल नवं काही शिकली नाही कारण सातपर्यंत मोजता तिला आधीच येत होतं. दुसऱ्या पाठात सात खडे घ्यायचे, दोघींनी मिळून मोजायचे, मग आईनं थोडे एका मुठीत थोडे दुसऱ्या मुठीत घ्यायचे, एक मूठ उघडायची, तीन दिसतायत, बंद मुठीत किती? पहिल्या दिवशी मुलगी आईची मूठ उघडायला बघते, मग बोटं मोजते, नंतर कधीतरी नुसतं तीन बघून चार म्हणते. मग पाळी बदलायची, ती खडे लपवणार आणि आईनं ओळखायचं. तयारी शून्य, आणि पुढची सगळी बेरीज-वजाबाकी ह्याच्यावर उभी राहणार आहे, ३ आणि ४ मिळून ७ हे एकदा हातात बसलं की ७ वजा ३ वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणजे बघायचं काय, तर ते सामान काढून घेतलं तर पाठातला विचारही निघून जातो का? खडे काढले तर मुठीचा खेळच उरत नाही. कापूस काढला तर फक्त सजावट जाते. ही एक कसोटी धरून चारही नमुने तपासा, दोन तरी आपोआप गळतील.

आता तुमच्या चौघांबद्दल. माँटेसरीची मोठी ताकद ही की सामानच चूक दाखवतं, मोठ्यांना बोलावं लागत नाही. मारिया माँटेसरींनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह सुरू केलं तेव्हापासून त्या लाकडी दट्ट्यांचे ठोकळे आहेत, एका ठोकळ्यात दहा खाचा आणि दहा दट्टे, एक जरी चुकीच्या जागी गेला तरी शेवटी एक दट्ट्या उरतो जो कुठेच नीट बसत नाही. मूल स्वतःच थांबतं, बघतं, काढून परत लावतं. हे घडताना पाहणं फार सुंदर असतं. पण ह्यात पालकाला स्वतः शिकावं लागतं, प्रत्येक साहित्य कसं मांडायचं, किती कमी बोलायचं, कधी हात मागे घ्यायचा. ते शिकायला वेळ देणार असाल तरच घ्या, नाहीतर महागडं सामान मांडणीवर शोभेला राहतं.

बॉक्सवाला सोयीचा असतो. नोकरी सांभाळून शिकवणाऱ्या घरात सोय ही छोटी गोष्ट नाही, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. फक्त बघा की बॉक्समधलं साहित्य वर्षभर वापरात राहतं का एकेका पाठापुरतं येतं आणि संपतं. चांगल्या करिक्युलममध्ये थोडंच सामान असतं आणि तेच वेगवेगळ्या कामाला परत परत येतं.

निसर्ग आणि गोष्टीवाला तुम्ही लिहिलंय त्यावरून शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या परंपरेतला दिसतोय. छोटे छोटे पाठ, चांगली पुस्तकं, ऐकलेलं मुलानं स्वतःच्या शब्दात सांगायचं, बाहेर जाऊन निरखायचं आणि वहीत चित्र काढायचं. भाषा आणि निरीक्षणासाठी मला हा फार आवडतो. गणित मात्र अशा संचांमध्ये बहुतेकदा वेगळं घ्यावं लागतं, तेवढं तपासा. (वाल्डोर्फ पद्धतीचं काही यादीत येणार असेल तर ही पद्धत १९१९ मध्ये श्टुटगार्टला सुरू झाली, त्यात औपचारिक वाचन सातच्या आसपास सुरू होतं. त्यात चूक काहीच नाही, फिनलंडमध्येही शाळेची पहिली इयत्ता सातव्या वर्षी असते, पण दोन वर्षांनी मुलीला शाळेत घालायचा विचार असेल तर ती तिथे जाईल तेव्हा बाकीची मुलं वाचत असतील हे आधीच लक्षात घ्या.)

थीमवाला तुमच्या घरात चांगला चालेल कारण दोन वयाची दोन मुलं आहेत. पाणी हा विषय घेतला तर धाकटा ओतेल भरेल, मोठी मापानं मोजून लिहील, दोघांना एकाच वेळी घेता येतं. पण गणिताला थीममध्ये कोंबू नका. गणिताच्या पायऱ्या असतात, एक सुटली की पुढची डळमळते, महिन्याची थीम समुद्र आहे म्हणून शिंपले मोजले आणि पुढच्या महिन्यात प्राणी आहेत म्हणून प्राणी मोजले तर मूल वर्षभर मोजतच राहतं, पुढे सरकत नाही.

तेव्हा माझं स्पष्ट मत सांगते. गणित एक क्रमवार, वस्तूंवर चालणारं वेगळं घ्या. वाचन-लेखन स्वतः बांधा (त्याबद्दल खालच्या एका पत्रात आहेच). बाकी सगळं थीमनं दोघांना एकत्र. आणि घेण्याआधी पालकाच्या सूचनांचं पान वाचा, रोजच्या पाठाला किती तयारी लागते ते बघा. रात्री दोन्ही मुलं झोपल्यावर रोज कापाकापी करायची ताकद तुमच्यात उरते का हे तुम्हालाच माहीत. उरत नसेल तर तो करिक्युलम कितीही छान असला तरी तुमच्यासाठी नाही.

मुलगा सात वर्षांचा. गणितासाठी दशकाचे दांडे आणि सुटे ठोकळे आणलेत, त्यावर वजाबाकी पटापट करतो. तेच गणित वहीत दिलं की ३४ वजा १८ चं उत्तर २४ लिहितो. ठोकळ्यांचा उपयोग होतोय का नुसता खेळच चाललाय? - एक बाबा

उपयोग होतोय, पण ठोकळे आणि वही ह्यांच्यातला पूल बांधायचा राहिलाय. तुमच्या मुलाच्या दृष्टीनं ही दोन वेगळी कामं आहेत. ठोकळ्यांवर तो खरंच विचार करतो आणि वहीत एककाच्या घरात मोठ्यातून लहान, ८ मधून ४, वजा करून मोकळा होतो, म्हणून २४. ही चूक जगभरची मुलं करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात मांडलं होतं की नवी कल्पना आधी कृतीतून, मग चित्रातून आणि मग चिन्हातून पक्की होते. सिंगापूरच्या शाळांनी १९८० च्या दशकात ह्याच विचारावर आपलं गणित उभं केलं, आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे. घरी काय होतं, की आपण पहिल्या पायरीवरून थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो, मधलं चित्र राहून जातं.

असं करून बघा. ३४ मांडा, तीन दांडे आणि चार सुटे. आठ सुटे काढून दे म्हणा. तो अडेल, अडू दे, लगेच सांगू नका. मग एक दांडा देऊन दहा सुटे बदलून घेईल. इथे हात थांबवा आणि वहीत लिहायला लावा, ३ खोडून वर २, आणि ४ च्या जागी १४. मग आठ सुटे काढले, उरले सहा, वहीत लगेच ६. एक दांडा काढला, उरला एक, वहीत १. म्हणजे प्रत्येक हालचालीमागोमाग वहीत एक खूण. आधी सगळं ठोकळ्यांवर आणि नंतर सगळं वहीत असं नको. उसना घेणं म्हणतात ते काय आहे हे त्याला तेव्हाच दिसेल, कारण तो दांडा त्यानं स्वतःच्या हातानं मोडून आणलेला असेल.

हे जमलं की ठोकळे डब्यात, आता दांड्यासाठी उभी रेघ आणि सुट्यासाठी टिंब काढून तेच गणित करायचं. तेही सहज व्हायला लागलं की नुसते आकडे. अधूनमधून अडला तर चित्रावर परत जाऊ द्या, पण ठोकळे कायमचे हाताशी ठेवू नका. आणि करिक्युलम निवडताना नेमकं हेच तपासा, की वस्तू कधी आणि कशा बाजूला ठेवायच्या हे त्यात सांगितलंय का. मला विचाराल तर कॅटलॉगमधल्या फोटोंपेक्षा हे एक पान महत्त्वाचं आहे. गणितात वस्तू वापरण्यावरच्या ५५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१३ साली आला होता, त्यातही साहित्याचा फायदा दिसला, पण वापरताना मार्गदर्शन किती मिळतं ह्यावर बरंच अवलंबून होतं. नुसतं साहित्य समोर ठेवून भागत नाही.

आणखी एक, आपल्या भाषेत चौतीस म्हणताना चार आधी ऐकू येतो आणि तीस नंतर, त्यामुळे मुलं ४३ लिहून बसतात. एकोणचाळीसला तर कानाला चाळीस ऐकू येतं आणि लिहायचं ३९. इंग्रजीतल्या तयार करिक्युलममध्ये ह्यावर काहीच नसणार. तेव्हा दांडे-सुटे मांडून, हे तीन दशक चार सुटे, आपण त्याला चौतीस म्हणतो, असं दोन्ही तोंडानं म्हणवून घ्या. एकोणचाळीसला चार दांडे मांडा आणि शेवटच्या दांड्यातला एक सुटा झाकून टाका, एक उणा चाळीस डोळ्यांना दिसतं.

गणिताचे काउंटर घ्यायचेत. अस्वलं, डायनोसॉर, फळं, काय काय मिळतं. मुलांना आवडणारेच घ्यावेत ना?

साधे घ्या. अस्वलं दिली की छोटं अस्वल आईकडे जातं, मोठं झोपतं, आणि पाच अधिक दोन कुठल्या कुठे. मुलाचा काहीच दोष नाही, ते खेळणं आहे आणि मूल खेळतंय. मोजायच्या वस्तूनं संख्येकडे लक्ष न्यावं, स्वतःकडे नाही. खडे, बटणं, काड्या, एकाच आकाराचे ठोकळे उत्तम. एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर क्युझनेअरच्या रंगीत पट्ट्या घ्या, बेल्जियमच्या जॉर्ज क्युझनेअर नावाच्या शिक्षकानं बनवलेल्या, एक सेंटिमीटर ते दहा सेंटिमीटर अशा दहा लांबी, प्रत्येकीचा रंग वेगळा. लाल दोनची, जांभळी चारची, पिवळी पाचची, नारिंगी दहाची. त्यांच्यावर आकडे लिहिलेले नसतात आणि तीच गंमत आहे, दोन पिवळ्या शेजारी ठेवल्या की नारिंगीएवढ्या होतात हे मुलाला आपलं आपण सापडतं. आल्या आल्या पाठ सुरू करू नका, आठवडाभर मनसोक्त घरं-पूल बांधू द्या. नंतर त्याच पट्ट्या बेरीज, गुणाकार आणि पुढे अपूर्णांकापर्यंत कामाला येतात.

आणि महागाच्या साहित्याशिवाय होत नाही असं मनात असेल तर ते काढून टाका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला जे बालशिक्षण उभं केलं ते खडे, पानं, बिया, शिंपले अशा आसपास सापडणाऱ्या वस्तूंवर. माँटेसरींचा विचार त्यांनी पुरता घेतला, सामान मात्र आपलं वापरलं. मला वाटतं घरी शिकवणाऱ्या प्रत्येकानं त्यांचं काम एकदा तरी वाचावं.

सगळे हँड्स-ऑन करिक्युलम इंग्रजीत आहेत. मुलीला मराठी वाचायला घरीच शिकवायचंय, तिला पाचवं सरलंय. फोनिक्सचं, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवायचं, साहित्य मराठीला वापरता येईल का?

जसंच्या तसं नाही येणार. इंग्रजी फोनिक्सचा निम्मा जोर एकाच अक्षराचे अनेक उच्चार सोडवण्यात जातो, आपल्याकडे ती अडचण जवळजवळ नाही. आपली अडचण वेगळी, अक्षरं खूप आणि त्यांना मात्रा चारही बाजूंनी लागतात, वर, खाली, मागे, पुढे. म्हणून हे तुम्ही स्वतःच बांधा, फार सोपं आहे, आणि विकतच्या कुठल्याही संचापेक्षा चांगलं होईल.

क ख ग घ पासून ज्ञ पर्यंत एका दमात जाऊ नका. चार अक्षरं घ्या, क, म, न, ल. जाड पुठ्ठ्याची कार्डं करा, अक्षर हाताएवढं मोठं. सोबत काना, तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर काढा म्हणजे कार्डावर ठेवता येतो. आता एवढ्यावर बघा काय काय होतं, कान, नाक, मान, काम, काका, मामा, नाना, लाल, काल, कमल. नाक वरून कान करायला मुलीला कार्डं फक्त सरकवायची आहेत, काना इकडचा तिकडे, आणि शब्द बदलला! पाच वर्षांच्या मुलीला काका स्वतःच्या हातानं लावता आला की तिचा चेहरा बघा.

हे चार सहज झाले की अजून तीन-चार अक्षरं, मग एक मात्रा. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घ्या, कारण कि म्हणताना क आधी येतो आणि कागदावर वेलांटी आधी, मुलं हमखास उलटी बाजू लावतात. पट्टी हातात असली की चूक खोडावी लागत नाही, उचलून पलीकडे ठेवली की झालं, आणि ह्या वयात खोडरबर न लागणं ही मोठी गोष्ट आहे. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी.

गिरवण्याबद्दल मात्र सावध राहा. तुटक रेघांवरून गिरवायच्या वह्या सगळ्या करिक्युलममध्ये ठासून भरलेल्या असतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं मोकळ्या हातानं लिहायला दिली, काही रेघांवरून गिरवायला आणि काही कीबोर्डवर दाबायला. नंतर ती अक्षरं बघताना मेंदूचं स्कॅन केलं तर वाचनाशी संबंधित भाग ठळकपणे जागा झाला तो मोकळ्या हातानं लिहिलेल्या अक्षरांना. वेडंवाकडं का असेना, स्वतः काढलेलं अक्षर. तेव्हा वाळूत, पाटीवर, ओल्या ब्रशनं फरशीवर, हवेत, कुठेही लिहू द्या. खरखरीत कागदाचं अक्षर करून त्यावरून आधी बोट फिरवलं तर वळण कळतं, पण तिथेच थांबू नका, लगेच मोकळ्या जागेत काढायला लावा.

सायन्सचा भाग प्रत्येक करिक्युलममध्ये ज्वालामुखी आणि रंगीत फेस असाच आहे. मुलांना मजा येते, पण शिकतायत का?

मजा येतेय ती येऊ दे, त्यावर पाणी ओतू नका. पण तुमची शंका रास्त आहे. फेस आला, सगळे वा वा म्हणाले, आणि पुढे मुलाला करण्यासारखं काही उरलं नाही.

बघायचं हे, की मुलाला आधी अंदाज करायला लावलाय का, आणि एकच गोष्ट बदलून परत करून बघायला सांगितलंय का. तेलकट मातीचा, तो खेळण्यातला क्ले असतो त्याचा, गोळा पाण्यात टाका, बुडतो. आता विचारा, हाच गोळा, एक कणही कमी न करता, तरंगवता येईल का? मुलं चपटा करतात, बुडतो. लांब करतात, बुडतो. मग कोणीतरी कडा वर वळवतं आणि तो होडीसारखा तरंगतो. मग त्यात बटणं टाकत जायची, किती बटणांना बुडते? कडा उंच केल्या तर? होडी जेवढं जास्त पाणी बाजूला सारेल तेवढं पाणी तिला वर उचलतं हे सूत्र सहा वर्षांच्या मुलाला सांगायची गरजच नाही, त्याच्या बोटांना ते कळलेलं असतं आणि पुढे पुस्तकात भेटलं की ओळखीचं वाटतं. त्यातून अख्खी दुपार जाते. असे मोजके प्रयोग खोलवर करणारा करिक्युलम मला रोज एक चमत्कार दाखवणाऱ्यापेक्षा कितीतरी पटीनं चांगला वाटतो.

मुलगा साडेतीन वर्षांचा. पाच मिनिटं झाली की उठून जातो. रोज दोन तासांचं शेड्यूल दिलंय करिक्युलममध्ये. माझं काही चुकतंय का?

तुमचं नाही, त्या शेड्यूलचं चुकतंय. साडेतीनला एका ठरवून दिलेल्या कामात पाच-दहा मिनिटं म्हणजे छानच आहे. त्यानं स्वतः निवडलेल्या कामात, पाणी ओतणं, झाकणं लावणं-काढणं, तो किती वेळ रमतो ते बघा, बराच जास्त असेल. ह्या वयाला करिक्युलम हवाच असं नाही. कपडे घडी घालणं, मोजे जोडीनं लावणं, आकारानुसार डबे रचणं, खूप गोष्टी ऐकणं, बाहेर भटकणं, ह्यात वर्गीकरण आणि क्रम सगळं येतं.

सामानाबद्दल एक मात्र फार कळकळीनं सांगते, तुमच्याकडे लहान भावंडं असतील तर अजूनच. सगळं तोंडात जायचं वय असतं. साधारण सव्वातीन सेंटिमीटर व्यासाच्या नळीत अख्खी मावते अशी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका, खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत हेच माप वापरतात. वर मी खडे-बटणं म्हटलंय ते मोठ्या मुलांसाठी आणि तुम्ही समोर असताना. छोटे ताकदवान चुंबक, बटण-बॅटरी आणि पाण्यात फुगणारे जेलीसारखे मणी हे तर घरात आणूच नका. सेन्सरी किटमध्ये ते मणी सर्रास येतात आणि गिळले तर पोटात फुगून आतडं अडवू शकतात. किट कितीही चांगलं असो, ते पाकीट तेवढं काढून टाका.

घरातले मोठे रोज विचारतात, दिवसभर खेळच चाललेला दिसतो, अभ्यास कधी करतात ही मुलं? काय उत्तर देऊ?

त्यांच्या काळजीचा राग धरू नका, त्यांना वही दिसत नाही म्हणून ते विचारतात. तर त्यांना दिसेल असं काहीतरी ठेवा. एक साधी वही करा, तारीख घाला, मुलानं आज काय केलं त्याच्या दोन ओळी, आणि शक्यतो मुलाचंच वाक्य जसंच्या तसं, "सातात तीन आणि चार लपलेत" असं. सोबत एखादा फोटो किंवा मुलानं काढलेली आकृती. दोन महिन्यांनी मागची पानं उलटली की फरक कोणालाही कळतो, तुम्हालाही. आणि शक्य असेल तेव्हा मोठ्यांनाच मुठीतल्या खड्यांचा खेळ खेळायला बसवा.

ही वही आणखी एका कामाला येते. होमस्कूलिंगचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, काही ठिकाणी नोंदणी लागते, काही ठिकाणी कामाच्या नोंदी किंवा परीक्षा, जर्मनीत तर शाळेत जाणंच सक्तीचं आहे. तुम्ही जिथे राहता तिथले नियम करिक्युलम घेण्याच्या आधी बघा, नंतर नाही. पुढेमागे शाळेत प्रवेश घ्यायचा झाला तरी नोंदी हाताशी असलेल्या बऱ्या.

पूर्ण वर्षाचा संच घेतला, दीड महिना झाला, मुलगी (वय ६) रोज रडते. पैसे गेलेत म्हणून रेटू की सोडून देऊ?

रेटू नका. पण लगेच दुसरा संचही मागवू नका. दोन आठवडे सगळं बंद ठेवा, फक्त गोष्टी वाचा, बाहेर जा, पत्ते किंवा फासे घेऊन खेळा. ह्या दिवसांत तिच्याकडे नीट बघा, रडणं नेमकं कशावर होतं ते आठवा. बऱ्याचदा सगळा करिक्युलम नकोसा नसतो, एकच गोष्ट असते, लिहिणं फार असतं, किंवा पाठ फार लांब असतो, किंवा पातळी एक पायरी वरची आलेली असते. लिहिणं जड जात असेल तर तिनं तोंडी सांगायचं आणि तुम्ही लिहायचं. लांब असेल तर पाठाचे दोन तुकडे करा. पातळी चढी असेल तर मागच्या वर्षाचा नमुना-पाठ मागवून तिथून सुरुवात करा, सहा वर्षांची आहे म्हणून सहाचाच संच झाला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

मग संचातलं सामान सुटं काढा, पुस्तिका कपाटात ठेवा, आणि सामान नुसतं चटईवर मांडून ती काय करते ते बघा. ती ज्याला हात लावेल तिथून तो पाठ शोधा. हे सगळं करूनही रडणं थांबलं नाही तर संच दुसऱ्या कुणाला देऊन टाका, आणि पुढचा घेताना वर्षाचा नको, एका महिन्याचा घ्या. तिचे डोळे आणि कानही एकदा तपासून घ्या, जवळचं नीट दिसत नसेल तर मूल सांगत नाही, रडतं.